रेघेवरच्या होड्या

माझ्या लॅपटॉपवर दोन टॅब कायम उघडे असतात. दोन्हींत समुद्र एकच आहे. आमच्या गावच्या धक्क्याला पाण्याची उंची मोजणारं एक यंत्र बसवलेलं आहे, त्याच्या नोंदींची रेघ या दोन्ही टॅबमध्ये दिसते. डावीकडच्या टॅबमधली रेघ इस्त्री केल्यासारखी आहे. उजवीकडची केसाळ. केसाळ हा शब्द माझा नाही, आमच्या समितीतल्या एका बाईंचा आहे. त्यांनी तो नाक मुरडून वापरला होता, तेव्हा मला चांगलाच राग आला होता. आता मीही तोच वापरते.

वैज्ञानिक नोंदी लोकांना ब्राउजरमध्ये नीट बघता याव्यात म्हणून योग्य साधन शोधून द्यायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. पालघरात कुणी विचारलं आणि मी हे सांगितलं, की समोरचा “म्हणजे कम्प्युटरचंच ना?” म्हणून विषय बदलतो. मी त्याला दोष देत नाही. माझ्या बापालाही ते कळायला दोन वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा माझ्यापेक्षा जास्त कळलं.

बाबा तांडेल होता. होडी तो चालवायचा, कुठं जायचं आणि कधी परतायचं ते तोच ठरवायचा. आमचं गाव तारापूरच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी. आई गेली, मग त्याचा खुबा मोडला, आणि डॉक्टरांनी वाळू, चिखल, धक्क्याच्या पायऱ्या सगळं बंद केलं. माझं लग्न झालेलं नाही, फ्लॅटवर मी एकटीच होते, म्हणून त्याला पालघरला आणलं. तिसरा मजला. खिडकीतून समोरच्या इमारतीची वाळत घातलेली धुणी दिसायची. होडी चुलतभावाकडे गेली. बाबाला ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं, कानाशी मोठ्यानं बोललं तरच कळायचं, त्यामुळं फोनवर गावाशी बोलणंही संपलं. तो गॅलरीत खुर्ची टाकून बसायचा आणि दिवसातून चार वेळा एकच प्रश्न विचारायचा.

“बाय, होड्या आल्या काय?”

मी हातानं खूण करून सांगायचे, आल्या. मला काय माहीत असणार? पण आल्याच असतील, रोज येतात. तो मान हलवायचा, आणि मी थाप मारते आहे हे त्याला कळलंय हे मला कळायचं.

आणि नेमकं त्याच सुमारास हे काम माझ्याकडे आलं. किनाऱ्यावरच्या पाच गावांच्या धक्क्यांना एका संस्थेनं अशी यंत्रं बसवली होती, त्यात एक आमच्या गावालाही होतं. पाण्याखाली नळीत बसलेलं छोटंसं यंत्र, दर सेकंदाला एक नोंद. या नोंदी गावकऱ्यांना, शाळेतल्या मुलांना, कुणालाही मोबाइलवर बघता याव्यात, असं त्या संस्थेच्या समितीचं म्हणणं होतं. मी तीन साधनं निवडून चाचणीला घेतली. तिन्ही फुकट मिळणारी, तिन्ही जगभर वापरली जाणारी. चाचणी घरीच करायची, तर बघणारा माणूस हवा. बघणारा माणूस गॅलरीत रिकामाच बसला होता. मी एक जुना टॅब्लेट त्याच्या मांडीवर ठेवला आणि सांगितलं, हा आपला धक्का.

बाबानं बोट लावून रेघेकडे बघितलं, मग माझ्याकडे. “धक्का कुठं हाय? ही तर रेघ हाय.”

“पाणी वर गेलं की रेघ वर. खाली आलं की खाली.”

एवढं पुरलं. त्याला आलेख वाचायला शिकवावं लागेल म्हणून मी सकाळपासून तयारी केली होती, ती तशीच राहिली.

पहिलं साधन सगळी आकडेमोड दूरच्या सर्व्हरवर करायचं आणि तयार चित्र पाठवायचं. जरा मोठं करून बघावं म्हटलं, की गोल चक्र फिरत बसायचं. बाबानं दोन दिवस धीर धरला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “ह्ये सरकारी हाय. उद्या या म्हनतंय.” ते बाद झालं. माझ्या अहवालात मी ‘प्रतिसादाचा वेळ असमाधानकारक’ असं लिहिलं.

दुसरं दिसायला देखणं होतं. निळी रेघ, खाली फिकट निळी छाया, बोट लावलं की सुळकन सरकायचं. साध्यातल्या साध्या मोबाइलवरही झटकन उघडायचं. बाबा त्याला नटवी म्हणायचा, पण कौतुकानं. एकदा यंत्राची बॅटरी संपली आणि पाच तासांच्या नोंदी आल्याच नाहीत, तर नटवीनं मधली मोकळी जागा सरळ रेघ ओढून जोडून टाकली. बाबा बराच वेळ बघत राहिला.

“असं सरळ पानी मी तरी कदी बगितलं नाय,” तो म्हणाला.

तिसरं अगदीच रुक्ष होतं. करडी पार्श्वभूमी, काळी रेघ, कुठल्या तरी दोन-चार माणसांनी स्वतःच्या गरजेपुरतं बनवलेलं. सूचना अर्धवट. मराठी अक्षरं घातली तर वेलांट्या एकीकडे आणि अक्षरं दुसरीकडे, ते निस्तरता निस्तरता माझ्या नाकी नऊ आले. उघडायलाही वेळ घ्यायचं. पण जिथं नोंद नाही तिथं ते रेघ मोडून जागा रिकामी ठेवायचं. आणि आणखी एक गोष्ट करायचं, ती सांगायला थोडं थांबावं लागेल.

दिवसाला नोंदी शहाऐंशी हजारांवर. टॅब्लेटचा पडदा हजारभर ठिपक्यांचा. म्हणजे एका ठिपक्याच्या जागेत ऐंशी-नव्वद नोंदी कोंबायच्या, आणि कुणाला दाखवायचं, कुणाला वगळायचं हे साधनाला ठरवावं लागतं. नटवी सगळ्यांची सरासरी काढायची. तिसरं साधन त्यातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची नोंद घ्यायचं आणि दोन्हींमध्ये बारीकशी उभी रेघ मारायचं. म्हणून ते केसाळ दिसायचं. हा फरक मला पुस्तकातून माहीत होता. त्याचा अर्थ मला बाबानं सांगितला.

त्याआधी आमचं एक भांडण झालं. तिसऱ्या साधनावर बाबाला गावची रेघ लावून दिली होती. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी त्यानं मला स्वयंपाकघरातून बोलावून घेतलं. हातात पोळीचं पीठ.

“ह्ये खोटं हाय.”

“काय खोटं आहे?”

“आज चवथ हाय. चार पाऊण तीन. दुपारी तीनाला भरती. तुजी रेघ साडेनवालाच वर चढून बसलीय.” मग जरा आवाज चढवून, “साडेनवाला आपल्या धक्क्याखाली चिखूल असतो, बाय. तू तिथं खेळलीयस.”

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आमच्या किनाऱ्यावर ते सगळ्या जुन्या माणसांना येतं. बाबा शाळेत चौथीपर्यंत गेला आणि तिथून नेमकी पाऊणकी तेवढी घेऊन आला. मी म्हटलं, बाबा, यंत्र सेकंदा-सेकंदाला मोजतं, तुझा हिशोब अंदाजाचा. त्यानं टॅब्लेट उलटा करून मांडीवर ठेवला. मी फणकाऱ्यानं आत गेले. दोन पोळ्या लाटून झाल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तिसरी तव्यावर करपली.

यंत्र जागतिक वेळेनुसार नोंद करायचं. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. नटवी ब्राउजरमधली वेळ बघून आपसूक बदल करून घ्यायची, तिसरं साधन आहे तसं दाखवायचं, आणि मी ते सांगायला विसरले होते. भरतीची ओहोटी व्हायला सहा तास लागतात. साडेपाच तास सरकवलं, की समुद्र जवळजवळ उलटा होतो, आणि उलटा झालेला समुद्रही दिसायला तितकाच सुंदर असतो. समितीला मी आठवडाभर उलटा समुद्र पाठवत होते. एकानंही हूं की चूं केलं नव्हतं.

मी दुरुस्ती करून टॅब्लेट त्याच्यापुढे धरला. त्यानं रेघ बघितली, घड्याळ बघितलं, आणि टॅब्लेट पुन्हा मांडीवर घेतला.  करपलेली पोळी मागून घेऊन खाल्ली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी त्यानं मला ती उभी रेघ दाखवली. चढत्या पाण्याच्या रेघेवर एका ठिकाणी केस ताठ उभे राहिले होते. थोडं पुढं पुन्हा. मग पुन्हा.

“ह्या होड्या,” तो म्हणाला.

मी हसले. मग हसू थांबलं. आमची खाडी ओहोटीला सुकते, होड्या भरतीबरोबरच आत येतात. होडी धक्क्याला आली की तिच्या लाटा नळीतल्या यंत्राला लागणारच. सगळ्या तांत्रिक लिखाणात याला ‘गोंगाट’ म्हणतात आणि तो कसा काढून टाकावा यावर पानंच्या पानं लिहिलेली आहेत. बाबा तोच मोजत बसला होता. एक, दोन, तीन. सातवीवर त्यानं बोट टेकवलं. तिथले केस सगळ्यांत उंच होते आणि एकदम तुटले होते.

“ही आपली. मशीन फुल ठेवून आत घालतोय आन एकदम बंद करतोय. हज्जारदा सांगितलं त्याला, धक्क्याजवळ हळू कर म्हणून.”

मी चुलतभावाला फोन लावला. वेळ विचारली. बरोब्बर तीच. बाबाचा निरोपही दिला. “ताई, काकाला कोनी सांगितलं गं? कोन चहाडी करतोय?”

भाऊ बिचारा ऐकणारा. दुसऱ्या दिवसापासून होडी हळू आणायला लागला. झालं, रेघेवर आमची होडी ओळखूच येईना. बाबा दोन दिवस जेवणाच्या ताटावर अस्वस्थ. “आपली आली नाय.” आल्याचं सांगून पटेना. शेवटी मी पुन्हा फोन केला आणि सांगितलं, अरे, आण तुझी होडी पहिल्यासारखीच आदळत. भाऊ इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. पुढचे सगळे महिने आमची होडी मुद्दाम वाईट चालवली गेली. रोज रेघेवर तिचे केस ताठ उभे राहायचे, आणि बाबा रोज तिसऱ्या मजल्यावरून भावाला शिव्या द्यायचा. त्याला इतकं खूश मी आई गेल्यानंतर बघितलं नव्हतं. होड्या आल्या काय, हे त्यानं मला विचारणं बंद केलं. आता तोच मला सांगायचा. “सगळ्या आल्या गं.” आणि मग जेवायला बसायचा.

कोणतं साधन घ्यायचं हे मनात केव्हाच ठरलं होतं. फक्त समितीला पटवायचं होतं.

समितीला ते पटलं नाही. बोईसरच्या कचेरीत मी दोन्ही रेघा भिंतीवर दाखवल्या, तेव्हा त्या बाई म्हणाल्या, “ही अशी केसाळ का?” मी कारण सांगितलं. कुणीतरी म्हणालं, होड्या कुणाला बघायच्या आहेत, आपल्याला पाण्याची पातळी दाखवायची आहे. दुसरं कुणी म्हणालं, माझ्या मोबाइलवर ही उघडेपर्यंत चहा होईल. त्यांचं काही चुकत नव्हतं. गावोगावच्या लोकांच्या हातात जे मोबाइल आहेत, त्यांवर नटवीच चालणार होती. कोळगावला जिल्ह्याच्या कचेरीत सादरीकरण मंगळवारी होतं. मी दोन दिवस वाद घातला आणि मग थकले. दर दहा मिनिटांची एक सरासरी, बाकी काही पाठवायचं नाही, असं ठरलं. सोमवारी मी पान बदललं. जुन्या लिंकवरही आता नटवीच उघडत होती.

मंगळवारी सकाळी मी साडी नेसून, पिशवी खांद्याला लावून दाराशी चपला शोधत होते. बाबानं हाक मारली.

“बाय, होड्या बंद हायत काय?”

मला क्षणभर कळेना. मग कळलं. त्याच्या मांडीवर ती निळी, इस्त्री केलेली रेघ होती. वर चढत गेली होती, खाली उतरत गेली होती, आणि तिच्यावर कुणीही नव्हतं.

मी परत आत आले. त्याच्या कानाशी वाकून मोठ्यानं सांगितलं, की होड्या येतायत, सगळ्या येतायत, फक्त रेघ गुळगुळीत केली आहे म्हणून दिसत नाहीत. तो ऐकत होता. माझ्या तोंडाकडे बघत होता.

“मग दिसू दे की,” तो म्हणाला.

“रविवारी करते. तुझ्यापुरतं वेगळं पान करून देते.”

“रविवारी,” तो म्हणाला. टॅब्लेटवरची धूळ त्यानं तळहातानं पुसली.

सादरीकरण छान झालं. टाळ्या पडल्या. मग बुधवारी सुधारणांची यादी आली, गुरुवारी दुसरी. बाबा रोज टॅब्लेट उघडायचा.  बुधवारी संध्याकाळी एकदा बघितलं, तर रेघेवर जिथं आमची होडी यायची तिथं, सातव्या जागी, तो बोट टेकवून बसला होता. मला ते दिसलं. मी बघितलं आणि यादी पुरी करायला आत गेले. वेगळं पान करणं अर्ध्या तासाचं काम होतं. हे मी इथं मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर लोक मला समजवायचे, तू किती केलंस गं त्यांचं. अर्धा तास केला नाही. तेवढाच मागितला होता त्यानं.

शुक्रवारी संध्याकाळी चहा घेताना बाबा गेला. कप हातातच होता. डॉक्टर म्हणाले, काही त्रास झाला नसेल.

शनिवारी सकाळी त्याला गावी नेला. दोन वर्षांत पहिल्यांदा तो धक्क्यावरून गेला, चार खांद्यांवर. माझं कशाकडे लक्ष नव्हतं. गर्दी होती, इतके पुरुष त्या वेळेला गावात कसे, हा प्रश्नसुद्धा मला पडला नाही.

बारावं-तेरावं झाल्यावर मी पालघरला परतले आणि ते पान केलं. अर्धा तासही लागला नाही. मूळ नोंदी सगळ्या जागच्या जागी होत्या, सेकंद न सेकंद. आम्ही फक्त दाखवत नव्हतो. मंगळवार लावला. होड्या आल्या होत्या, सातवी आमची, नेहमीसारखी आदळत. बुधवार. गुरुवार. शुक्रवार, बाबा चहा घ्यायच्या आधी दोन-तीन तास. सगळ्या आल्या होत्या, सगळ्या त्या रेघेच्या आत होत्या, आणि तो वरून बोट टेकवून बसला होता. मी खूप रडले. तेराव्यापर्यंत रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं.

मग शनिवार लावला.

शनिवारची रेघ गुळगुळीत होती. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं, जुनीच सरासरी आली. दोन्ही टॅब शेजारी शेजारी ठेवले. नोंदी मोजल्या, शहाऐंशी हजार चारशे, एकही कमी नाही. वेळ तपासली, साडेपाच तासही बरोबर होते. पाणी चढलं होतं, उतरलं होतं, वाऱ्याची बारीक थरथर तेवढी उजवीकडच्या रेघेवर होती. केस एकाही ठिकाणी उभे नव्हते. चुलतभावाला फोन केला. विचारलं, शनिवारी भरतीला काय झालं होतं?

“ताई, असं काय इचारतेस?” तो म्हणाला. “काका गेला नव्हता का? सगल्या होड्या बंद होत्या.”

गावातलं माणूस गेलं की त्या दिवशी कुणी समुद्रावर जात नाही. लहानपणापासून मला हे माहीत आहे. तांडेल गेला तर एक होडीसुद्धा दोर सोडत नाही.

समितीच्या पानावर अजूनही नटवीच आहे, आणि लोकांना ती आवडते. दुसरं पान फक्त माझ्याकडे आहे. रोज त्या दोन रेघा वेगळ्या असतात. तो एक शनिवार तेवढा दोन्हीकडे सारखा दिसतो. तो लावते, आणि बाबाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगते. हो बाबा. आज बंद होत्या.